‘बगर’ (bugger) हा इंग्रजी शब्द तुमच्या कानांवर कसा पडला?

सांगलीहून नोकरीसाठी मुंबईला आलो तेव्हा, 1994 साली, वांद्र्याच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम मला मिळाले. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातले, होते आणि सगळे त्यांना अंकल म्हणत. मालकांशी माझी ओळख करून देताना ते म्हणाले, ‘‘गुड बगर, मेन. मेहनती आहे.’’ त्या रात्री खोलीवर जाऊन मी शब्दकोश उघडला. गुदमैथुन करणारा पुरुष, हा अर्थ वाचून माझे कान तापले. पुढचा आठवडाभर मी अंकलच्या डब्याला हात लावला नाही. शेवटी त्यांनीच कारण विचारले आणि मी सांगितल्यावर ते मनापासून खजील झाले. त्यांच्या वडिलांनी त्यांना आणि त्यांनी आपल्या मुलांना याच शब्दाने हाक मारली होती.

हा शब्द इंग्रजीत शिवी आहे, सहानुभूती आहे, थकवा आहे आणि कधी नुसता उद्गारही आहे. तो आपणांस कोठे, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या अर्थाने भेटला, हे कृपया सविस्तर लिहावे. कोशातल्या अर्थापेक्षा प्रत्यक्ष प्रसंग वाचायला मला अधिक आवडेल.

हॅमिल्टन, न्यूझीलंड

मी परिचारिका आहे. येथे नवीन असताना माझ्या हातून घडलेली चूक सांगते. शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आलेल्या एका वृद्ध गोपालकाला मी सकाळपासून किती पाणी प्यायलात असे विचारले. ‘‘बगर ऑल,’’ ते म्हणाले. ‘ऑल’ एवढेच माझ्या ओळखीचे असल्याने सगळे प्यायले असे मी समजले आणि तक्त्यात पूर्ण तांब्याची नोंद केली. दुपारी वरिष्ठ परिचारिकेने तांब्याचे झाकण उघडले, तर पाणी काठोकाठ भरलेले. ‘बगर ऑल’ म्हणजे काहीही नाही. तिने शांतपणे माझी नोंद खोडून सही केली, सलाइन वाढवण्यासाठी डॉक्टरांना बोलावले आणि मग मला बाजूला घेऊन या शब्दाचे सगळे प्रकार समजावले. ‘आय अ‍ॅम बगर्ड’ म्हणजे पार गळून गेलो, यंत्र ‘बगर्ड’ म्हणजे कायमचे बिघडले, ‘बगर ऑफ’ म्हणजे चालता हो, आणि हातातून कप निसटला तर नुसते ‘बगर’. तेव्हापासून मी कोणत्याही रुग्णाचे उत्तर प्रमाण इंग्रजीत पुन्हा विचारून खात्री केल्याशिवाय लिहीत नाही.

या देशात हा शब्द किती निर्धास्तपणे वापरतात, हे 1999 सालच्या टोयोटा हायलक्सच्या जाहिरातीवरून कळते. शेतावर एकामागून एक नुकसान होत जाते आणि जवळजवळ प्रत्येक प्रसंगाला हा एकच शब्द उच्चारला जातो. तक्रारी झाल्या, पण त्या मान्य झाल्या नाहीत. शेजारचा ‘बास्टर्ड’ हा शब्दही असाच येथे मवाळ झाला आहे. 29 मे 1953 रोजी एव्हरेस्ट सर करून खाली उतरल्यावर एडमंड हिलरींनी सहकारी जॉर्ज लो यांना यश सांगितले ते हाच शब्द वापरून, आणि तो त्यांनी शिखराला लावला होता.

ठाणे

मी इंग्रजी मालिकांच्या संवादांचे मराठी अनुवाद करते. ‘पुअर बगर’ला मी ‘बिचारा’ लिहीत असे, पण त्यात बोलणाऱ्याची जवळीक येत नव्हती. एकदा माझ्या आजोबांना मित्राविषयी ‘लेकाचा भलताच नशीबवान’ म्हणताना ऐकले आणि ‘लकी बगर’ चपखल सापडला. ‘बगर इट’ला ‘मरू दे’ पुरते. ‘बगर ऑल’ने मात्र मला विचारात पाडले, कारण त्याची खरी जोड ‘शष्प’ ही आहे. संस्कृतात शष्प म्हणजे कोवळे गवत. पुढे तो शब्द गुप्तांगावरील केसांकडे वळला आणि आज ‘त्याला शष्प कळत नाही’ असे सभ्य माणसेही मूळ अर्थाची शंका न येता बोलून जातात. वांद्र्याच्या अंकलना दोष देण्याचे कारण नाही, हे मला यावरून पटते.

लीड्स, इंग्लंड

माझ्या संगणक कार्यालयात एक बल्गेरियन सहकारी आहे. कोणीतरी छपाईयंत्राला ‘बगर’ म्हटले, तेव्हा तो मला हळूच म्हणाला, की हे आमच्या देशाचे नाव आहे. मला ते खरे वाटले नाही, म्हणून घरी जाऊन शोधले. दहाव्या शतकात बल्गेरियात बोगोमिल नावाचा ख्रिस्ती पंथ उभा राहिला. जड सृष्टी ही दुष्ट शक्तीने घडवली, असे ते मानत आणि विवाह व संतती यांनाही त्यांचा विरोध होता. रोमच्या चर्चने त्यांना आणि दक्षिण फ्रान्समधल्या त्यांच्यासारख्याच कॅथार पंथीयांना पाखंडी ठरवले. लॅटिनमधल्या बल्गेरियनवाचक शब्दापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूग्र’ झाला. हे लोक विवाह टाळतात म्हणजे निसर्गविरुद्ध संबंध ठेवत असणार, असा आरोप त्यांच्यावर चिकटला आणि इंग्रजीत आलेला ‘पाखंडी’ हा अर्थ मागे पडून ती शिवी झाली. माझ्या सहकाऱ्याला हे शाळेत शिकवलेले होते. आमच्या कार्यालयात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते.

पुणे

येथे लाडाचे अर्थ अनेक आले, त्यामुळे दुसरी बाजूही नोंदवणे मला आवश्यक वाटते. मी समलिंगी पुरुष आहे. उच्चशिक्षणासाठी इंग्लंडला असताना वसतिगृहाच्या माझ्या दारावर कोणीतरी हा शब्द खडूने लिहिला होता आणि तो कोणत्या अर्थाने लिहिला आहे, याविषयी मला क्षणभरही शंका आली नाही. ओल्या फडक्याने पुसल्यावरही रंगाच्या भेगांत अक्षरे दिसत राहिली.

आठव्या हेन्रीच्या काळात, 1533 मध्ये, याच शब्दाच्या नावाने कायदा झाला आणि त्याला फाशीची शिक्षा होती. इंग्लंडमध्ये या गुन्ह्यासाठी शेवटचे फाशी गेलेले दोघे, जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ, 1835 मध्ये न्यूगेट तुरुंगाबाहेर टांगले गेले. या गुन्ह्यासाठीची फाशी 1861 मध्ये रद्द झाली, परंतु तोवर तोच विचार 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 377 होऊन आपल्याकडे पोचला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिलेला दिलासा 2013 मध्ये गेला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. त्या दिवशी मी आईला फोन केला. ‘‘आता तुला कोणी धरणार नाही ना?’’ एवढेच तिने विचारले. अंकलनी हा शब्द उच्चारला असता तर मीही रागावलो नसतो. दारावरचा शब्द मात्र वेगळा होता, आणि अक्षरे तीच होती.

वांद्रे

पुण्याच्या सद्गृहस्थांचे वाचून मी थोडा वेळ थांबले, मग लिहायला घेतले. माझे माहेर रनवार गावठाणातले. पप्पा घरात आमची मराठी बोलत, बाहेर इंग्रजी, आणि ‘बगर’ दोन्हींत. फादर घरी आले की तो शब्द बंद होई, यावरून तो सभ्य नाही हे आम्हा मुलांना कळत असे. मला त्यांनी तो कधीही लावला नाही, माझ्या भावालाच लावत. मुलीला तो शब्द लावायचा नसतो, हा आमच्या गल्लीतला अलिखित नियम होता.

त्यांचे शाळेपासूनचे मित्र वारले तेव्हा मी पप्पांबरोबर दफनभूमीत गेले होते. सगळ्यांनी मूठभर माती टाकली. पप्पांनी ती टाकली नाही. मुठीत धरून बराच वेळ उभे राहिले, खड्ड्याकडे पाहत ‘‘यू बगर’’ म्हणाले, आणि मग हळूहळू बोटे सैल केली. त्याच रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, ‘‘फादरनी ऐकले असेल का गो?’’