अनुभव धागा : दोरावरची गाडी आणि ढगातले दीपगृह

टिळकवाडीकर
गेल्या रविवारी गोव्याहून परतताना चोर्ला घाटात असे धुके दाटले की पुढच्या ट्रकचा लाल दिवाही दिसेना. गाडी कडेला घेऊन थांबलो आणि एकाएकी दक्षिण आफ्रिकेतले केप पॉइंट आठवले. लेकीकडे केपटाउनला गेलो होतो तेव्हा जावयांनी मोठ्या हौसेने तिथे नेले होते. खालच्या स्थानकापासून जुन्या दीपगृहाच्या पायथ्याकडे जाणारी 585 मीटर लांबीची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळावरची गाडी, आहे. तिला 'फ्लाइंग डचमन' या भुताळी जहाजाचे नाव दिले आहे, तर तिच्या दोन डब्यांना त्याच किनाऱ्यावर फुटलेल्या 'टॉमस टी. टकर' आणि 'नोलॉथ' या जहाजांची. बुडालेल्या होडीचे नाव आपल्याकडे कोणी नव्या बसला देईल का, असे म्हणत आमच्या सौ. डब्यात पाय ठेवायलाच तयार होईनात.

गाडी सुटली तेव्हा खाली फॉल्स बेचे पाणी लख्ख निळे दिसत होते आणि तीनेक मिनिटांनी वर उतरलो तेव्हा आम्ही ढगात होतो. दीपगृहाच्या भिंतीला हात टेकला तेव्हाच ते तिथे आहे याची खात्री पटली. गंमत अशी की त्या दीपगृहाची कथाही हीच आहे. 1860 साली पेटलेला तो दिवा समुद्रापासून 238 मीटर उंचीच्या माथ्यावर बसवला होता, आणि तीच उंची त्याला बाधली, कारण खाली समुद्र स्वच्छ असतानाही माथा ढगात बुडालेला असे व खलाशांना दिवा दिसतच नसे. 18 एप्रिल 1911 रोजी 'लुसितानिया' हे पोर्तुगीज जहाज जवळच्या बेलोज खडकावर आदळले, तेव्हा कुठे नवे दीपगृह खाली, 87 मीटरवर बांधायचे ठरले. दोरावरच्या गाडीने कोणी असे कुठे चढले असेल, तर अवश्य लिहावे.

खानापूरची लेक
आम्हाला आकाश स्वच्छ मिळाले, परंतु माझे लक्ष देखाव्याकडे नव्हते. खालच्या स्थानकाबाहेर एका बबूनने नणंदेच्या हातातली पिशवी हिसकावली, आणि तीत बेळगावहून जपून नेलेला कुंदा, आपली खव्याची मिठाई, होता. गाडी वर जाईपर्यंत नणंदबाई काचेला नाक लावून समुद्र सोडून त्या बबूनकडेच पाहत होत्या.

शहापूरचा अण्णा
ताई, त्याला कुंदा आवडला की नाही एवढेच कळवावे. आवडला असल्यास मागच्या जन्मी तो आमच्याच गल्लीत राहत असला पाहिजे.

चिकोडीचे मास्तर
दोन खुलासे करतो, सवयीचा भाग समजून सोडून द्यावे. टिळकवाडीकरांनी लिहिलेली 'लुसितानिया' आणि पहिल्या महायुद्धात 1915 साली पाणबुडीने बुडवलेली 'लुसितानिया' ही दोन निराळी जहाजे आहेत. दुसरे असे की केप पॉइंटला दोन महासागर मिळतात असे तिथे जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो, परंतु अटलांटिक आणि हिंदी महासागराची मान्य सीमा त्याच्या आग्नेयेस असलेल्या अगुल्हास भूशिरापाशी मानतात. आफ्रिकेचे दक्षिण टोकही तेच आहे.

उद्यमबागेतला फाउंड्रीवाला
मास्तर, ते ठीक आहे, पण दोराविषयी कोणीच लिहिले नाही. लॅटिनमध्ये 'फ्युनिक्युलस' म्हणजे बारीक दोरी. विहिरीवर एकाच कप्पीला दोन घागरी बांधल्या की एक खाली जाताना दुसरीला वर ओढते, तेच तत्त्व इथे आहे. दोन्ही डबे एकाच दोराच्या दोन टोकांना असल्याने त्यांचे वजन परस्पर तोलले जाते आणि मोटरला उरतो तो प्रवाशांच्या वजनातला फरक आणि घर्षण. मधोमध तेवढा रूळ दुहेरी करतात, म्हणजे डबे एकमेकांना टाळून जातात. 1886 साली स्वित्झर्लंडच्या लुगानोला आब्ट या इंजिनियरने अशी युक्ती केली की डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्ही कडा आणि दुसऱ्या बाजूची चाके सपाट, त्यामुळे रुळांचे सांधे बदलण्याची गरजच राहिली नाही. मी केप पॉइंटला गेलो होतो तेव्हा घरचे सर्व समुद्राकडे पाहत होते आणि मी खाली वाकून चाकांकडे. घरी अजून त्यावरून बोलणी खातो.

निपाणीची सून
माझ्या अनुभवात दीपगृह नाही, क्षमा असावी. 2018 साली सप्तशृंगगडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी आम्ही सासूबाईंना नेले. गुडघ्यांमुळे त्यांनी गडाची आशा सोडली होती. ट्रॉलीत बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला, कारण पायऱ्या न चढता घेतलेल्या दर्शनाचे पुण्य निम्मेच मिळेल असे त्यांना वाटत होते. सासरे म्हणाले, "साडेतीन पीठांतले हे अर्धेच पीठ आहे, तेव्हा हिशेब बरोबर जुळतो." सासूबाई जन्मात पहिल्यांदा त्यांच्या विनोदाला हसल्या. आता दोघेही नाहीत.

वडगावहून
वहिनी, वाचून डोळे भरून आले. आमच्या खेपेला केप पॉइंटची गाडी बंद होती, म्हणून कुरकुरत पायी चढलो. माथ्यावरून पायवाटेने आणखी टोकाकडे गेल्यावर खाली कड्याला चिकटलेले नवे दीपगृह दिसले. गाडीने आलेले बहुतेक लोक जुन्या दीपगृहापाशी छायाचित्रे काढून परत फिरत होते.

टिळकवाडीकर
आम्ही त्याच परत फिरणाऱ्यांतले. अर्थात त्या दिवशी पायवाट तरी कुठे दिसत होती!

शहापूरचा अण्णा
एवढ्या लांब कशाला जावे? आपल्या गोव्यातल्या आग्वादलाही 1864 चे जुने दीपगृह आहे, आणि ते 1976 पासून विसावले आहे. तिथे गाडी थेट किल्ल्यापर्यंत जाते, दोर लागत नाही. खानापूरच्या ताईंनी मात्र माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून दिलेले नाही.

खानापूरची लेक
अण्णा, स्वयंपाकात होते. खाली आलो तेव्हा कुंद्याचा डबा वाटेवर पडला होता, आणि तो घासायची गरज नव्हती.