पियानोचे जिने आपल्या स्टेशनांवर नकोत

खडूस_मुंबईकर
शेजारच्या धाग्यात स्टॉकहोमचा पियानो जिना (पायऱ्या पियानोच्या पट्ट्यांसारख्या, पाय पडला की सूर वाजतो) दाखवून कुणीतरी लिहिलंय, "दादर, कुर्ला, ठाणे, सगळीकडे बसवा, लोक आपणहून सरकता जिना सोडतील." तिथे चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा.

ओडेनप्लान स्टेशनातला तो जिना २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरात मोहिमेसाठी केला होता. नेहमीपेक्षा ६६ टक्के जास्त लोक जिन्याने गेले, हे सगळे सांगतात. पण हा नव्या नवलाईतला आकडा आहे. सहा महिन्यांनी त्या सुरांचं कौतुक कुणाला राहणार? आणि तो व्हिडिओ नीट बघा. लोक पायऱ्यांवर थांबतात, उड्या मारतात, सूर वाजवून बघतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ज्या जिन्यावर एक माणूस अडला की मागचे पन्नास अडतात, तिथे थांबायला कारण देणं म्हणजे गुन्हा आहे.

अनुजा_प
लोकलचे पूल वगळा, मान्य. पण मेट्रोच्या उन्नत स्टेशनांत रस्त्यापासून तिकिटाच्या मजल्यापर्यंतचे जिने दुपारी ओस असतात. तिथे काय हरकत?
फक्त पायरीत दाबाचे सेन्सर घालू नका, पहिल्या पावसात चिखलपाणी आत जाऊन बसतील. दोन्ही कडांना समोरासमोर इन्फ्रारेड किरणांचे सेन्सर लावा, पायरीच्या वर १०-१२ सेंमीवर. किरण तुटला त्या क्षणी एकदाच सूर वाजायला हवा. नाहीतर पायरीवर बॅग टेकवून कुणी उभं राहिलं की एकच सूर अखंड चालू. स्पीकर कमी आवाजाचे आणि दर दोन-तीन पायऱ्यांमागे एक. वर एकच मोठा लावलात तर आपल्या पावलाचा सूर आपल्याला कळत नाही, मग मजा कसली?

तिसरा_डबा
मुंबईत गमतीने सवय बदलायचा असला प्रयोग झालाय की! वाहतूक पोलिसांनी सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे इथे सिग्नलला डेसिबल मीटर जोडले होते. आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्याचा व्हिडिओ आला आणि सगळ्यांनी तो हसत हसत पाहिला. हॉर्नवर इतकी चर्चा दंडाच्या पावतीने कधी झाली होती?

ध्वनिमापक
चर्चा झाली, पण मोजमापाचं काय? हॉर्न दोन मीटरवर १०० डेसिबल धरा. अंतर दुप्पट झालं की ६ ने उतरतो, म्हणजे चार मीटरवर ९४, आठवर ८८, सोळावर ८२. मीटर सिग्नलच्या खांबावर असेल तर तिसऱ्या-चौथ्या गाडीपासून मागे कुणी एकट्याने वाजवला तर त्याला पत्ताच नाही. आणि विनाकारण वाजवणारे नेमके मागेच असतात, कारण त्यांना दिवा दिसत नाही.

तिसरा_डबा
सिग्नलवर एकटा कोण वाजवतो हो? हॉर्न दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ८२ चे दोन मिळून ८५, चार मिळून ८८. वर चौकाची घरघर वेगळीच. अर्धंच गणित करून सोडू नका.

ध्वनिमापक
घ्या, पूर्ण करतो. मागच्या चौघांनी वाजवला आणि शिक्षा पुढे गप्प उभ्या असलेल्यांना. आडव्या रस्त्यावरून हिरव्यावर निघालेल्या ट्रकचा प्रेशर हॉर्नही त्याच मीटरमध्ये. रांगेत रुग्णवाहिका असेल तर तिच्या सायरननेच तिचा लाल दिवा लांबला. शिवाय एका चौकाचे सेकंद बदलले की पुढच्या चौकाशी जुळवलेली वेळ विस्कटते. यात गंमत कुठे आहे? ही सामूहिक शिक्षा आहे.

अनुजा_प
धागा जिन्यांचा आहे!

तिसरा_डबा
असू दे, हे सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही. शिक्षा नको असेल तर स्टॉकहोमचाच दुसरा प्रयोग बघा, २०१० चा. वेगमर्यादा पाळणाऱ्यांचे नंबरही कॅमेरा टिपायचा, त्यांची सोडत निघायची आणि बक्षीस वेग मोडणाऱ्यांच्या दंडातून. सरासरी वेग ताशी ३२ वरून २५ किमीवर आला.

खडूस_मुंबईकर
किती दिवस चालला? तीन. पुन्हा नवलाईच.
गंमत टिकायची असेल तर ती कामातच हवी. ॲमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर मुतारीच्या भांड्यात निचऱ्याजवळ माशीचं चित्र आहे, धार पडल्यावर सर्वांत कमी उडते तिथे. माणूस नेम धरतो. थांबावं लागत नाही, वीज नाही, दुरुस्ती नाही, बक्षीस नाही. आपल्या स्टेशनांवर करायचंच असेल तर हे करा, तेही भांडी फुटकी नसतील आणि पाणी येत असेल तिथे.

अनुजा_प
म्हणजे गंमत चालते, एवढं तरी तुम्ही कबूल केलंत.

खडूस_मुंबईकर
मुतारीत चालते. जिन्यावर नाही.

ध्वनिमापक
तिसरा_डबा, तुमचा सिग्नल सुधारता येईल, एवढं मानतो. मीटर खांबावरून काढून २५-३० मीटर मागे, लेनच्या वर, माइक खाली तोंड करून. क्षणाचा कमाल आवाज न धरता तीन सेकंदांची सरासरी घ्या. सेकंद एका फेरीत एकदाच वाढू द्या, तेही दहाच. आणि आकड्याचा फलक मागच्या गाड्यांना दिसेल इतका उंच.

तिसरा_डबा
दहाने कुणाला फरक पडणार? तीस करा.

ध्वनिमापक
तीस केले तर रांग मागच्या चौकात जाऊन पोचेल आणि तिथे मीटर नाही.