बदामाच्या पिठाची पुरणपोळी ‘तश्शीच’ लागते म्हणे!

मापटं

होळीच्या तोंडावर इथे एक लेख आला आहे. बदामाचे पीठ, इसबगोल आणि इरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायची गोड पावडर) वापरून केलेली पुरणपोळी ‘अगदी आजीच्या हातची, तश्शीच’ लागते, आणि याच रीतीने पाव, केक, नानखटाई, बासुंदी असे सगळेच कर्बोदकांच्या जाचातून सोडवता येते, असा त्यात दावा आहे. खाली ‘वा, करून बघते’ अशा प्रतिक्रियांची रांग लागली आहे, पण करून पाहिलेल्या एकाचीही प्रतिक्रिया दिसली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा बेकरीचा व्यवसाय आहे आणि कीटोवाली, म्हणजे कर्बोदके जवळजवळ बंद करणारी मंडळी गिऱ्हाईक झाल्यापासून हे सगळे जिन्नस माझ्या हाताखालून गेलेले आहेत. तेल लावून तिंबलेली सैलसर कणीक पुरणाचा गोळा पोटात घेऊन पातळ लाटली जाते, ती ग्लुटेनच्या, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाच्या जोरावर. बदामात ग्लुटेन औषधालाही नाही. इसबगोल पाणी धरून बुळबुळीत होतो, पीठ एकत्र ठेवतो, पण त्याला ताण सोसत नाही. दोन कागदांमध्ये थापलेली ती पोळी तव्यावर टाकली की कडा फाटतात, उलथणे घातले की तुकडा हातात येतो आणि पुरण तव्याला लागून करपते. शिवाय पुरण हरभऱ्याच्या डाळीचे, आणि त्या डाळीत निम्म्याच्या आसपास कर्बोदकेच असतात. लेखाच्या हिशेबात त्यांचा पत्ताच नाही. इरिथ्रिटॉलचा गोडवा साखरेच्या साधारण 70 टक्के, म्हणून लोक ते जास्त घालतात, आणि पोळी गार झाली की त्याचे खडे धरून पुरण दाताखाली कचकचते. जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा येतो तो वेगळाच. आजीच्या पोळीने घशात गारवा आल्याचे मला तरी आठवत नाही.

नानखटाईचे म्हणाल तर ती होते, आणि चांगली होते, कारण तिथे पिठाला ताण नकोच असतो. श्रीखंडही होते, कारण चक्क्यासाठी दही टांगल्यावर दुधातली बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते. बाकीच्या बाबतीत मात्र खरी पोळी चतकोर खावी, वर तूप घ्यावे आणि उठावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

दोन_घास

‘चतकोर खावी आणि उठावे’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरी मधुमेह नसावा, एवढे ते वाचताक्षणीच कळते. माझ्या यजमानांना हा सल्ला डॉक्टरांपासून चुलतसासऱ्यांपर्यंत सर्वांनी दिला आहे. पंगतीत पहिली चतकोर वाढली जाते, मग आग्रहाने दुसरी, मग ‘आता एवढ्याने काय होते’ म्हणून अख्खी, आणि दोन तासांनी बोट टोचले की रक्तातल्या साखरेचा आकडा 240 च्या पुढे. तोच माणूस बदामाच्या नानखटाया आणि इरिथ्रिटॉलचे श्रीखंड खाऊन उठला की आकडा 160 च्या आत राहतो, हे मी यंत्रावर पाहिलेले आहे आणि वहीत लिहून ठेवलेले आहे.

चव तश्शी लागत नाही, मान्य. ती तश्शी लागावी ही त्या लेखाची आणि तुमची अट आहे, आमची नव्हे. ज्याच्या पानात दरवर्षी सणाला फक्त काकडीची कोशिंबीर मोठी वाढली जाते, त्याला स्वतःच्या वाट्याचे काहीतरी गोड हवे असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या सगळ्यांनी तुमच्या चतकोरावर भागवायचे काय?

कृष्णाकाठ

मूळ लेखात आणि वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट बिनदिक्कत गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे साखर आणि गूळ एकाच पंक्तीचे. पुरणात गूळ घातला असता तर हा इरिथ्रिटॉलचा खटाटोप करावाच लागला नसता. आमच्या घरचे गुऱ्हाळ होते. चिपाडाच्या जाळावर काहिलीत रस आटतो, भेंडीच्या चिकाने मळी वर येते ती झाऱ्याने काढतात, आणि गुळव्या पाक बोटावर घेऊन पाण्यात बुडवून पाहतो तेव्हा कुठे काहील उतरते. त्यात लोह आहे, खनिजे आहेत. आमचे आजोबा जेवणानंतर रोज गुळाचा खडा खात आणि नव्वदीपर्यंत उसाला पाणी पाजत होते.

रात्रपाळी

कृष्णाकाठ, आपले आजोबा दिवसभर उसाला पाणी पाजत होते म्हणून त्यांना तो खडा पचला. माझ्या दवाखान्यात येणारी माणसे दिवसभर खुर्चीला पाणी पाजतात. गूळ हा प्रामुख्याने सुक्रोजच आहे, रक्तातली साखर वाढवण्याच्या कामात तो साखरेपेक्षा तसूभरही मागे नाही, आणि खडाभर गुळातून मिळणारे लोह इतके थोडे असते की पंडुरोगावर त्याची मात्रा चालत नाही. ‘साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो’ असे अभिमानाने सांगणारा रुग्ण रोज समोर येतो, आणि तो दिवसातून पाच कप घेत असतो, कारण गूळ ‘चालतो’ असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते.

कृष्णाकाठ

डॉक्टरांना शेतकऱ्याच्या मालात दोष काढताना जेवढा उत्साह येतो तेवढा प्रयोगशाळेतल्या पावडरीबद्दल का येत नाही? जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्येच कृत्रिम गोडव्यांविरुद्ध सल्ला दिला. इरिथ्रिटॉलने हृदयविकार होतो असेही त्याच वर्षी छापून आले. ते खपते, आणि गुळाच्या ढेपेकडे मात्र संशयाने पाहायचे. वर आणखी पिवळाधमक गूळ हवा म्हणून शहरातलाच गिऱ्हाईक अडून बसतो. त्याच्यापायी रसात हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळणारे रसायन पडते, आणि काळपट चांगला गूळ बाजारात पडून राहतो. आमच्या गुऱ्हाळाचा धूर याच पायी बंद झाला. बदामाचे पीठ विकत घेणाऱ्यांनी कधी काळा गूळ मागितला आहे का?

एडिसनकर

पिठाच्या किमतीविषयी कोणीच बोलत नाही. इथे न्यू जर्सीत घाऊक दुकानात बदामाच्या पिठाची मोठी पिशवी सहज मिळते, म्हणून आम्ही केक, पॅनकेक सर्रास त्याचे करतो आणि मुलांना फरकही कळत नाही. गंमत अशी की भारतात येणारे बदामही बऱ्याच अंशी कॅलिफोर्नियाचेच.

मापटं

एडिसनकर, तुमच्या मुलांना फरक कळत नाही, कारण त्यांना तुलनेला दुसरे काही मिळालेलेच नाही. इथे एक किलो बदामाच्या भावात वीस किलो मैदा येतो. त्यामुळे मी तो केक विकतो तेव्हा लोक किंमत ऐकून डब्याचे झाकण परत लावतात.

मांडवीकाठ

गोव्याचा अनुभव जोडतो. बेबिंक हा पदार्थ कमी कर्बोदकांचा करणे कागदावर सोपे वाटते, कारण अंड्याचे बलक, नारळाचा दाट रस आणि तूप हा त्याचा जीव आधीच तसा आहे. फक्त मैदा आणि साखर बदलायची. पण बेबिंकाचा प्रत्येक थर वरच्या आचेने तांबूस व्हावा लागतो, आणि इरिथ्रिटॉल साखरेसारखे करपून रंग धरत नाही. आमच्याकडे नाताळात थर फिकट राहिले आणि मधल्या रेघाच दिसेनात. पाहुण्यांनी ‘पुडिंग छान झालंय’ अशी तारीफ केली. त्यानंतर तो नाद सोडला.

दोन_घास

धागा गुळाच्या काहिलीत पडला आहे, तो कोणी बाहेर काढेल काय? कृष्णाकाठ, तुमच्या गुऱ्हाळाविषयी मला खरोखर वाईट वाटते आणि काळा गूळ मी स्वतःच्या चहासाठी आवर्जून आणते. परंतु माझ्या यजमानांच्या रक्ताला तो गूळ काळा की पिवळा हे कळत नाही. डॉक्टर, आपण मात्र त्या संघटनेच्या सल्ल्याविषयी स्पष्ट सांगावे, कारण ते वाचून माझा डबाच बंद करायची पाळी यायची.

रात्रपाळी

सांगतो. तो सल्ला वजन घटवण्यासाठी गोडवे वापरू नयेत असा आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे, आणि इरिथ्रिटॉल ज्या गटातले आहे तो गटही त्याच्या कक्षेत नाही. हृदयविकाराचा अभ्यास क्लीव्हलँड क्लिनिकचा. ज्यांच्या रक्तात इरिथ्रिटॉल अधिक आढळले त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसले, एवढा संबंध त्यात दाखवला आहे. शरीर स्वतःही इरिथ्रिटॉल तयार करते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. तरीही ज्यांना आधी झटका येऊन गेला आहे त्यांनी ते रोज वाटीभर खाऊ नये, हे मी म्हणेन. तेवढ्यापुरते कृष्णाकाठ बरोबर आहेत, आणि हे लिहिताना मला फारसा आनंद होत नाही.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. दुकानात ‘शुगर फ्री’ म्हणून जी मिठाई विकली जाते तिच्यात पुष्कळदा माल्टिटॉल हा गोडवा असतो. तो साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतोच, आणि चार वड्या खाल्ल्या की पोट कुरकुरते. खजुराचे लाडू तर निव्वळ साखरच, फक्त झाडावर लागलेली. बासुंदीत साखर घातली नाही तरी एक लिटर दुधात 45 ते 50 ग्रॅम दुग्धशर्करा असते, आणि दूध आटले तरी ती पातेल्यातच राहते. मूळ लेखात बासुंदीचे नाव यादीत पाहून मी कपाळाला हात लावला. आणखी एक. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना जेवणातली कर्बोदके एकदम तोडली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि एसजीएलटी-2 गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्याने कडक कीटो केल्यास कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. पोळीचे पीठ बदलण्याआधी गोळ्यांचे माप बदलायचे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

कृष्णाकाठ

‘तेवढ्यापुरते बरोबर’ ही पदवी मी भिंतीवर लावून ठेवीन. मधुमेह असलेल्याने गूळ खावा असे माझे म्हणणे नव्हते, आणि असेल तर ते मागे घेतो. ज्याला काही झालेले नाही त्याने मात्र पोळीत गूळच घालावा, आणि तो काळा घालावा. हायड्रॉसबद्दल अजून कोणीही उत्तर दिलेले नाही, याची नोंद असावी.

मापटं

दोन_घास, आपण रागावलात ते चतकोरावरून. पंगतीतला आग्रह मी हिशेबात धरला नव्हता, एवढे मान्य करतो. पोळीविषयीचे मत कायम आहे. जे खरोखर होते त्याचे माप देतो, म्हणजे मी केवळ नकारघंटा वाजवतो असे कोणी म्हणणार नाही. बदामाचे बारीक पीठ 200 ग्रॅम, तूप 70 ग्रॅम, मिक्सरमध्ये पिठीसारखे दळलेले इरिथ्रिटॉल 60 ग्रॅम, चिमूटभर बेकिंग पावडर, मीठ आणि वेलची. इरिथ्रिटॉल दळल्याशिवाय घालू नये, सगळी कचकच तिथूनच येते. तूप आधी फेटून पांढरे करावे, 18 गोळे वळून अंगठ्याने किंचित दाबावेत आणि 160 अंशांवर पंधरा मिनिटे भाजावेत. भट्टीतून काढल्यावर ट्रे हलवू नये, कारण गरम असताना त्या हात लावताच भुगा होतात. पूर्ण गार झाल्या की घट्ट होतात.

रात्रपाळी

हिशेब करून पाहिला. एकेका नानखटाईत साधारण 100 उष्मांक येतात. साखर वाढणार नाही, पण ‘कीटो आहे’ म्हणून डबा मांडीवर घेऊन बसल्यास वजन निश्चित वाढेल.

दोन_घास

डबा माझ्या ताब्यात असतो, डॉक्टर. मापटं, मी इरिथ्रिटॉल न दळताच घालत होते. ते तुमच्याकडून कळले, यासाठी आभार मानावे लागत आहेत. आता त्याच हाताने तुमच्या दुकानातल्या ‘शुगर फ्री’ बिस्किटांच्या पुड्यावर आत नेमके कोणते गोडवे आहेत, ते मोठ्या अक्षरांत छापाल काय?

मापटं

पुढच्या छपाईत छापतो. माल्टिटॉलच आहे.