हिवाळ्यात पक्षी आणि घाट: कोणती लेन्स? (बजेट ४० हजार)

म्हापसेकरीण: नमस्कार मंडळी. निकॉन डी५६०० कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स आहे. डिसेंबर-जानेवारीत गोव्यातले करमळीचे तळे, चोडणचे सलीम अली अभयारण्य, बोंडल्याचे जंगल आणि चोर्ला घाट करायचा आहे. पक्षी हवेत, डोंगरही हवेत. ४० हजारांच्या वर जाणार नाही.

डिचोलीकर: डोळे मिटून निकॉन २००-५०० मिमी घ्या. पूर्ण झूमवरही एफ/५.६ (आकडा लहान तितका प्रकाश जास्त) मिळतो, बोंडल्याच्या दाट झाडीत तोच तारतो. ४० मध्ये बसणार नाही, पण चार महिने थांबा. माझ्याकडे हीच आहे, तोड नाही.

फोंडेकार: २.३ किलो आहे ती! चोडणच्या होडीत कोण धरणार? सिग्मा १५०-६०० कंटेंपररी दोन किलोच्या आत आहे, शिवाय १०० मिमी जास्त.

म्हापसेकरीण: दोन्ही बजेटबाहेर आहेत हो.

सत्तरीकार: ताई, ६०० च्या मागे लागू नका. ऊन चढले की तळ्यावरची हवा थरथरते आणि लांबच्या अडईचा (बदकाचा) फोटो कुठल्याही लेन्सने मऊच येतो. लोक फोकसला दोष देतात. उजाडताना पोचा, सूर्य पाठीशी ठेवा. एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर (हात थरथरला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) पुरे, तुमच्या बॉडीवर लहान सेन्सरमुळे ती ४५० सारखी दिसते. घेताना नावात 'व्हीआर' आहे ना ते बघा, त्याशिवायची अगदी तशीच दिसणारी आवृत्तीही आहे. लेन्सवर बटण नाही, व्हीआर मेनूतून चालू करायचा. शटर बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/२०००, ऑटो आयएसओची (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेची) मर्यादा ३२००. बगळ्याला एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) −०.७, नाहीतर पिसे पांढरीफटक होतात. आभाळावरच्या धनेशाला +१, नाहीतर नुसती काळी सावली.

डिचोलीकर: ३०० कमीच पडते. परत सांगतो, २००-५००.

माशेलकर: सेकंड हँड बघा. पण डी५६०० मध्ये फोकस मोटर नाही, म्हणून निकॉनची घेतली तर एएफ-एस किंवा एएफ-पीच घ्या, त्यांच्यात मोटर लेन्समध्येच असते. जुनी ८०-४०० डी स्वस्त मिळते, ती हातानेच फोकस करावी लागेल. आणि मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. आपल्या दमट हवेत ती वाढतच जाते.

फोंडेकार: बुरशीचे अगदी बरोबर. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक; काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळे जेल गुलाबी झाले की गरम करून वाळवायचे. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग वीसेक मिनिटे बंदच ठेवा, नाहीतर काचेवर बाष्प धरते.

चोडणकार: लेन्स राहू दे, भरती-ओहोटीचे तक्ते बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पाणपक्षी तिथेच उतरतात.

फोंडेकार: पूर्ण ओहोटीला खारफुटीतल्या लहान फाट्यांत होडीच शिरत नाही.

चोडणकार: फोंडेकार बाब, पूर्ण ओहोटी कोण म्हणाले? पाणी उतरू लागल्यावर निघायचे. फोटो घेताना इंजिन बंद करायला सांगा, त्या थरथरीपुढे व्हीआरही हरतो.

सत्तरीकार: करमळीला ट्रायपॉडपेक्षा गाडीच्या खिडकीवर तांदळाची पिशवी बरी. गाडीतून न उतरता काढा, पक्षी बुजत नाहीत. आणि बोंडल्यात मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका, ही कळकळीची विनंती. विणीच्या आधी ते उगाच पिसाळून जागा सोडतात.

डिचोलीकर: सहमत. आणि २००-५००.

म्हापसेकरीण: सगळ्यांचे आभार. ठरले. एएफ-पी डीएक्स १०-२० व्हीआर ही रुंद कोनाची लेन्स घेते आणि उरलेल्या पैशांत ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण. पक्षी मला बघायचेच आहेत जास्त, आणि चोर्ल्याचे कडे १८ मिमीत मावत नाहीत.

डिचोलीकर: १०-२० मध्ये धनेश मुंगीएवढा दिसेल!

सत्तरीकार: दुर्बीण उत्तम. आतील प्रिझम बीएके-४ (चांगल्या प्रतीची काच) आहे का आणि नायट्रोजन भरलेली आहे का ते विचारा, म्हणजे आत धुके धरणार नाही. १०-२० वर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) झाडी-धबधब्यासाठी वापरा, ओल्या पानांची चमक जाते. पण आभाळ चौकटीत असेल तर काढून ठेवा: एवढ्या रुंद कोनात निळा रंग एका बाजूला गडद, दुसरीकडे फिका येतो आणि नंतर नीट करता येत नाही. फिल्टर ७२ मिमीचा लागेल.