विंडोज ११ आता टाकू की थांबू? नागपूरच्या महालातलं डीटीपीचं दुकान, ३ मशिनी

महालवाला_डीटीपी
नमस्कार मंडळी. लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तूची आमंत्रणं असं आपलं काम. तिन्ही मशिनींवर विंडोज १० आहे. दोन नवव्या पिढीच्या आय३, आणि एक म्हातारी चौथ्या पिढीची आय५. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालतच नाही ती किल्ली, तिलाच खोचलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जादा सुरक्षा अपडेटला नोंदणी केली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरते. पोरगा म्हणतो आज रात्रीच टाकून देऊ. इकडे अर्जंट पत्रिका येऊन राहिल्या. काय करू?

सदरचा_रिपेरवाला
रात्री टाकायचं आणि सकाळी शटर उघडायचं, हा बेत करूच नका भाऊ. ११ काही नवीन राहिलं नाही, २०२१ च्या ऑक्टोबरात आलं. त्याचे बाळरोग सरले. नव्याकोऱ्या आवृत्तीला मात्र मी महिना-दोन महिने हात लावत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चं मोठं अपडेट आलं, त्यात काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडाल्या. मायक्रोसॉफ्टने चार दिवसांत ते थांबवलं, परत सोडलं नोव्हेंबरात.

उबुंटू_रामदासपेठ
उबुंटूवाले (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली) हे नियमातच बसवतात. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, पण २२.०४ वाल्यांना अपग्रेडची सूचना येणार ती २४.०४.१ निघाल्यावर, म्हणजे ऑगस्टअखेर. चार महिने दुसऱ्यांनी ठेचा खायच्या, मग आपण निघायचं.

धरमपेठची_फ्लेक्सवाली
दादा, तारखेपेक्षा आधी हे बघा: सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. तिथे ३२-बिट लिहिलंय की ६४? विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. माझं ३२ होतं, त्यामुळे सगळं पुसून नव्याने टाकावं लागलं. जुन्या स्टिकर कटरचा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा, तो ६४ वर चालतच नाही. कटर गेला भंगारात. त्याहून वाईट म्हणजे जुने फॉन्ट पुसले गेले. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी पत्रिका उघडली, तर "चि. सौ. कां." च्या जागी रोमन अक्षरं आणि कंसांची खिचडी. ते म्हणाले, ताई, ही कोणती भाषा? फॉन्टचं पूर्ण फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. नुसती पेनड्राइव्ह नको.

महालवाला_डीटीपी
पाहिलं. आय३ दोन्ही ६४ आहेत. म्हातारी ३२! अन् एका आय३ वर "टीपीएम नाही" म्हणून राहिलं.

सदरचा_रिपेरवाला
टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारं सुरक्षेचं अंग, नवव्या पिढीत असतं, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं. इंटेल पीटीटी नावाने शोधा, चालू करा. म्हातारीला काहून छेडता? चौथी पिढी ११ च्या यादीत बसतच नाही. तिची नेटची वायर काढा, डोंगल तिथंच राहू द्या, जुन्या फायली तिच्यावरच उघडा. पण गिऱ्हाइकाची पेनड्राइव्ह तिला लावायची नाही. व्हायरस काही नेटनेच येत नाही.

उबुंटू_रामदासपेठ
आणि दोन्ही आय३ एकाच दिवशी नकोत. एक टाका, तिच्यावर खरं काम करा: प्रिंटर, पीडीएफ, दोन-रंगी बिलबुक. जागेवरच, म्हणजे काही न पुसता, अपग्रेड केलं तर मागे फिरायला १० दिवस मिळतात, सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून. अकराव्या दिवशी ते बटण गायब होतं. बॅकअप तरीही हवाच.

धरमपेठची_फ्लेक्सवाली
मुहूर्त मी सांगते. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. लग्नं नाहीत, पत्रिका नाहीत. पितृपक्षापर्यंत थांबाल तर तो संपतो १० ऑक्टोबरला, आणि तुमची जादा अपडेटं १३ ला. तीन दिवसांत प्रिंटर रुसला तर? वरून नवरात्राची पत्रकं येतात ती वेगळीच.

सदरचा_रिपेरवाला
मुहूर्त बरोबर, पण नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस, त्यातच येतो ना बाप्पा! भर दुपारी लाइट गेली अन् अपग्रेड ६० टक्क्यांवर असलं, तर मशीन माझ्याकडेच आणाल. सकाळी सातला लावा, यूपीएसवर.

महालवाला_डीटीपी
ठरलं मग. सोमवारी, १८ मे ला पहिली आय३. पोराला फॉन्टच्या कॉपीला बसवलं आहे. यूपीएसची बॅटरी उद्याच बदलतो, चार मिनिटांत मान टाकते ती.