शब्दचर्चा: एजंट, सेक्शन आणि एडिट यांना मराठीत काय म्हणावं?

चिटोरा:
एका छोट्या साधनाची माहिती मराठीत लिहितोय आणि चार शब्दांशी अडलोय. प्रकल्पाची रीडमी (ओळख करून देणारी फाइल), स्थापनेच्या सूचना, रचनेची टिपणं हे सगळं मार्कडाउन फाइलींत असतं, म्हणजे साध्या मजकुरात, जिथे ‘#’नं सुरू होणारी ओळ मथळा ठरते. एआय एजंटला (सांगितलेलं काम आपणहून पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामला) अख्खी फाइल नव्यानं लिहायला सांगितली, की तो मागितलेला बदल करतो आणि न मागितलेल्या दोन ओळी गुपचूप गाळतो. म्हणून हे साधन त्याला मथळ्यांची यादी दाखवतं, त्यातला एकच सेक्शन वाचायला देतं आणि तेवढाच बदलू देतं. तर डॉक्युमेंटेशन, सेक्शन, एजंट, एडिट यांना काय म्हणू? ‘दस्तऐवजीकरण’ लिहिलं आणि माझं मलाच वाचवेना.

जुना बाड:
‘करण’ काढून टाका, निम्मं दुखणं जाईल. ‘प्रकल्पाचे दस्तऐवज’ चालेल. ‘दस्त’ म्हटलं की दुय्यम निबंधकाचं कार्यालय आठवतं हे खरं, पण ‘दस्तऐवज’ त्यामानाने मोकळा शब्द आहे. ग्रंथालयशास्त्रात ‘प्रलेखन’ आहे. तिथे मात्र दुसऱ्यांचे लेख गोळा करून त्यांची नोंद-सूची ठेवण्यावर भर असतो. आपणच केलेल्या वस्तूची माहिती आपण लिहिण्याला तो बसत नाही.

पोटहिस्सा:
सेक्शनला ‘कलम’ नको, ते कायद्यात राहू द्या. ‘परिच्छेद’ तर चूकच, एका सेक्शनमध्ये दहा परिच्छेद असतात. मराठी विकिपीडियावर ‘विभाग’ रुळलाय, तोच घ्या. महसूल विभागाची आठवण होईल, होऊ द्या.

खरी गोम पुढे आहे. मार्कडाउनमध्ये विभाग सुरू होतो ते दिसतं, संपतो ते कुठेच लिहिलेलं नसतं. एचटीएमएलला बंद करणारा टॅग असतो, इथे तसं काही नाही. पुढचा त्याच पातळीचा किंवा वरच्या पातळीचा मथळा आला की आधीचा विभाग संपला, असं मानायचं. मथळ्यांच्या पातळ्या सहा. मग ‘स्थापना’ हा विभाग बदला असं एजंटला सांगितलं, तर त्याखालचे ‘लिनक्स’ आणि ‘विंडोज’ जाणार की राहणार? विकिपीडियावर विभाग संपादायला उघडला की खालचेही सोबत येतात. तुमच्या साधनात काय होतं ते शब्दातच दिसायला हवं. त्यासाठी ‘पोट’ हा आपला नामी उपसर्ग आहे: पोटकलम, पोटहिस्सा, तसा पोटविभाग. ‘पोटविभागांसह बदला’ आणि ‘पोटविभाग वगळून बदला’ अशा दोन वेगळ्या आज्ञा ठेवा. ‘उपविभाग’ म्हटलं की मला प्रांताधिकारी दिसतो.

हरकतदार:
एजंटला ‘अभिकर्ता’ म्हणतात, करार अधिनियमाच्या मराठीत तोच आहे. पण तो कागदाबाहेर कधी पडलाच नाही. ‘हस्तक’ मुळात वाईट नव्हता, आता पार बिघडला. ‘दलाल’ही गेला. माझं मत ‘मुखत्यार’ला. दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा, आणि त्यानं केलेलं मूळ मालकावर बंधनकारक, हा अर्थ त्यात पक्का आहे. शिवाय कुलमुखत्यारपत्र आणि एका कामापुरतं मुखत्यारपत्र हा भेद घरोघरी माहीत असतो. अख्खी फाइल हाती देणं म्हणजे कुलमुखत्यारपत्र. तुमचं साधन एका कामापुरतं लिहून देतं.

टिपणकार:
भेद झकास आहे, पण ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुखत्यार’ वाचून लोक हसतील. आरटीओपासून विमा कंपनीपर्यंत सगळीकडे ‘एजंट’ शंभर टक्के मराठी झालाय. तोच ठेवा, आणि त्याला नेमका किती अधिकार दिलाय ते एका वाक्यात लिहा.

‘एडिट’साठी सरसकट ‘संपादन’ लावू नका. संपादनात संपादकाची निवड आणि विवेक येतो (आणि भूसंपादनात जमीन जाते). ‘दुरुस्ती’त आधीचं चूक होतं असं गृहीत आहे. एजंट बहुधा मजकूर जुना झाला म्हणून बदलतो, चुकला म्हणून नव्हे. साधा ‘बदल’ काय वाईट?

हरकतदार:
‘फेरफार’ सुचवतो. ‘पुराव्यात फेरफार’, ‘हिशोबात फेरफार’ यामुळे शब्द बदनाम आहे, कबूल. पण गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीच. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) नोंद घालतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५०. एजंटनं थेट मूळ फाइलीत लिहू नये, आधी नोंद घालावी आणि माणसानं ती प्रमाणित करावी, हे सगळं त्या एका शब्दात आलं.

टिपणकार:
मंजूर होईपर्यंत ‘प्रस्तावित फेरफार’, मंजूर झाल्यावर ‘बदल’. तडजोड?

अर्धा र:
शब्द ठरवताय तोवर एक अडचण सांगते, ती मराठी मथळ्यांनाच येते. पुष्कळ साधनं मथळ्यातून ओळखखूण बनवतात आणि तिच्यावरून विभाग शोधतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत) काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही चिन्हं ‘शब्दातली अक्षरं’ धरली जात नाहीत. ‘स्थापना’ची खूण होते ‘सथपन’. ‘कर’, ‘करा’ आणि ‘कार’ हे तिन्ही मथळे ‘कर’. मग एजंट तिसरा विभाग मागतो आणि पहिला बदलून येतो.

दुसरं म्हणजे ‘दुसऱ्या’. यातला र काही कळफलक वेगळ्या ऱ अक्षरानं लिहितात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) हे दोन एक करत नाही. तेव्हा विभाग मथळ्याच्या मजकुरावरून शोधणार असाल तर ही तुलना स्वतः सांभाळा. तीन बॅकटिकांच्या (```) चौकटीत संगणकाच्या आज्ञा लिहितात, त्यातली शेलची टिप्पणीही ‘#’नेच सुरू होते, तिला मथळा समजू नका.

चिटोरा:
शेलच्या टिप्पणीची काळजी घेतलीय, ऱ सुचला नव्हता. सध्याचा मसुदा: ‘हे साधन एजंटला दस्तऐवजातला एक विभाग वाचू देते आणि त्यात फेरफार सुचवू देते. पोटविभागांना हात लावायचा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. फेरफार मंजूर केल्याशिवाय मूळ फाइल बदलत नाही.’ आता एकच राहिलं. पहिल्या मथळ्याच्या आधी जो मजकूर असतो, त्याला काय म्हणू?

पोटहिस्सा:
विकिपीडियाच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामांनी तिथला मजकूर मागायच्या सोयीत) तो शून्य क्रमांकाचा विभाग. ‘प्रास्ताविक’ म्हणायचा मोह होईल, पण त्या नावाचा मथळा कुणाच्या तरी फाइलीत असणारच, आणि एजंट त्यालाच धरेल. ‘मथळ्याआधीचा मजकूर’ लिहा.