मदत हवी आहे: चर्चच्या किशोर गटात इतर घरांतली मुलंही येतात, कसं सांभाळावं?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी उपासनेनंतर आठवी ते दहावीच्या मुलांचा गट मी बघतो. आधी आमची संडे स्कूलचीच पोरं होती. मग एसएसएलसीचं (इकडची दहावीची परीक्षा) गणित घ्यायला लागलो, कॅरम आला, आणि शेजारपाजारची हिंदू घरांतली मुलंही येऊ लागली. आता जास्त तीच आहेत.

मला ती हवी आहेत. इकडे बऱ्याच घरांत बाप नाहीतर मोठा भाऊ गोव्यात कामाला. परवा एक दहावीचा पोरगा सगळे गेल्यावर कॅरम बोर्डावरची पावडर पुसत बसला. पुसून झालेला बोर्ड परत पुसला, मग विचारलं, "सर, आयटीआय करू की पीयूसी?" (पीयूसी म्हणजे इकडची अकरावी-बारावी.) आणि जाताना, "घरी एक गोष्ट झालीय, पण कुणाला सांगायची नाही." असं वचन द्यावं का?

दुसरं म्हणजे, गणित संपलं की आम्ही थोडा शास्त्रपाठ (बायबलवाचन) आणि प्रार्थना घेतो. एका मुलाची आई फाटकाशी येऊन विचारून गेली, "पोराला काय शिकवताय ओ तुम्ही?" भांडली नाही, पण प्रश्न रास्त होता. चर्चच्या ज्येष्ठांपैकी एक जण म्हणतात प्रार्थना बंद करा, दुसरे म्हणतात मग आपण शिकवणीवाले झालो. फुकट गणिताच्या आडून प्रार्थना मलाही पटत नाही, आणि आम्ही ख्रिस्ती आहोत हे लपवणं तर त्याहून नाही.

(भाषेचं वेगळंच. घरी मराठी नाहीतर कोंकणी, शाळेत कन्नड. मराठी बायबल मोठ्यानं वाचायला सांगितलं की काही पोरं मानच वर करत नाहीत. सध्या मीच वाचतो.)

कुणी असा गट चालवला आहे का?

प्रतिसाद १
निपाणीकडे आम्ही शिकवणीचा वारच वेगळा केला. शास्त्रपाठ रविवारी, आणि त्याला इतर घरांतलं मूल पालकांच्या सहीशिवाय बसवत नाही. चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हीत, काय शिकवतो ते स्पष्ट लिहून. कर्नाटकाच्या २०२२ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात प्रलोभनाची व्याख्या फार रुंद होती आणि अल्पवयीनांच्या बाबतीत शिक्षा ३ ते १० वर्षं. २०२३ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं, पण आम्ही चिठ्ठी सोडली नाही. आईबापांना अंधारात ठेवून पोराशी कसलं नातं जोडणार?

गुपिताचं वचन अजिबात देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. "ऐकून घेतो, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मोठ्यांना सांगावं लागेल," हे आधीच सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मुलाशी एकट्यानं बोलायचं झालं तर दार उघडं, दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात.

धागाकर्ता
आभार. वार वेगळा करतो, त्या पोराशीही या रविवारी बोलतो. पण मुलींसाठी एखादी ताई हवी, आणि आमच्याकडच्या पोरी पीयूसी झाली की बेळगावला जातात. तुम्ही कुणाला बसवता?

प्रतिसाद १
निवृत्त शिक्षिका बघा. आमच्याकडे एक बाई आहेत, पोरी आम्हाला विचारतही नाहीत, थेट त्यांच्या घरी जातात.